पोस्टपेड नंबर काही महिने बंद ठेवायचाय? बिल चालू राहू नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"सिम काढून कपाटात ठेवलं होतं. एक फोन केला नाही, एक एमबी डेटा वापरला नाही, तरी बिल आलं कसं?" हा प्रश्न मला वर्षातून चारपाच जण तरी विचारतात. माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. एकदा सहा महिने बोटीवर जाताना त्याने सिम काढून पाकिटात ठेवलं, बँकेतला ऑटोपे रद्द केला आणि निघाला. परत आला तेव्हा नंबर गेलेला होता आणि वसुलीवाले काकांना फोन करत होते, कारण अर्जात पर्यायी नंबर म्हणून काकांचा नंबर दिला होता. ती बिलं आम्ही दोघांनी टेबलावर पसरून वाचली. कॉलच्या रकान्यात शून्य, डेटाच्या रकान्यात शून्य, आणि वरच्या ओळीत दर महिन्याला 'मासिक भाडे', अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. खाली विलंब शुल्क. बिलात चूक एकही नव्हती. चूक ही होती की नंबर बंद ठेवायचाय असं कंपनीला कोणी सांगितलंच नव्हतं.

पोस्टपेडचं भाडं वापरावर लागत नाही, लाइन तुमच्या नावावर आहे म्हणून लागतं. ते थांबतं फक्त तुमच्या विनंतीने, आणि त्या विनंतीचा पुरावा हातात असेल तर. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम उलटला की पैसे जातात.

## आधी बघा, तुमचा नंबर कोणत्या अर्थाने 'बंद' आहे

कस्टमर केअरला "माझा नंबर बंद करा" एवढंच सांगितलंत तर समोरचा त्याचे चार वेगळे अर्थ लावू शकतो, आणि चारींचं बिल वेगळं असतं.

- बिल थकल्यामुळे बंद: आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग, मग लाइन कायमची तुटते. पहिल्या दोन पायऱ्यांत भाडं साधारणपणे चालूच असतं.
- सिम हरवल्यामुळे ब्लॉक: दुसऱ्याने वापरू नये म्हणून लावलेलं कुलूप. भाडं चालू.
- सेफ कस्टडी: तुमच्या विनंतीवरून नंबर जपून ठेवला जातो. नेहमीचं भाडं थांबतं, त्याऐवजी छोटं ठरावीक शुल्क लागतं.
- कायमचं बंद: शेवटचं बिल निघतं, नंबर तुमच्या हातून जातो.

काही महिन्यांसाठी जाणाऱ्याला हवी असते तिसरी गोष्ट. बहुतेक जण नकळत पहिलीत जाऊन पडतात. म्हणून स्टोअरमध्ये बोलताना 'सेफ कस्टडी' हाच शब्द वापरा. एखाद्या कंपनीने योजनेला दुसरं नाव दिलं असेल तर तिथला माणूस ते सांगेल.

## टप्पा १ : शेवटचं बिल समोर घेऊन बसा

निघायच्या किमान तीन आठवडे आधी शेवटचं बिल पूर्ण उघडा. एसएमएसमध्ये येते ती नुसती रक्कम पुरत नाही, पूर्ण पीडीएफ लागते. त्यातून या गोष्टी कागदावर उतरवा.

१. बिल सायकल. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. बिल निघण्याची तारीख आणि भरण्याची शेवटची तारीख या दोन्ही त्याहून वेगळ्या असतात, आणि लोक नेमकी तिथेच गल्लत करतात.

२. भाडं आगाऊ की मागाहून. भाड्याच्या ओळीतल्या तारखा बिलाच्या तारखेच्या पुढच्या असतील तर भाडं आगाऊ घेतलेलं आहे. म्हणजे मध्येच बंद केल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे तुमच्या खात्यात जमा दिसले पाहिजेत.

३. कनेक्शन कोणाच्या नावावर. वडिलांच्या नावावरचा नंबर तुम्ही पंधरा वर्षं वापरत असाल, तरी विनंती वडिलांचीच लागते. कंपनीने नोकरदारांना दिलेला नंबर असेल तर ऑफिसातल्या अधिकृत व्यक्तीमार्फत जावं लागतं.

४. फॅमिली प्लॅन. तुमचा नंबर मुख्य आहे की जोडलेला? मुख्य नंबर बाजूला काढला तर बाकीच्या नंबरांचा प्लॅन कसा बदलेल, हे आधी लेखी विचारा. घरचे बाकीचे तिघे अचानक महागड्या प्लॅनवर गेल्याचं मी पाहिलंय.

५. अनामत. आंतरराष्ट्रीय रोमिंगसाठी कधी डिपॉझिट भरलं होतं का? असेल तर आकडा लिहून ठेवा.

६. जोडसेवा. कॉलर ट्यून, गेम, बातम्या, काहीही. इंग्रजीत 'स्टॉप' लिहून १५५२२३ या टोल-फ्री क्रमांकावर एसएमएस केला की चालू सेवांची माहिती मिळते आणि त्या बंद करता येतात.

> तपासा: सायकलची तारीख, मालकाचं नाव आणि डिपॉझिट या तीनही गोष्टी लिहून झाल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : ओटीपीचं काय करणार?

हा टप्पा वगळणारे सगळ्यात जास्त पस्तावतात. सेफ कस्टडीत नंबर तुमचाच राहतो, पण त्यावर फोन येत नाही आणि एसएमएसही येत नाही. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, आधारचा नाही, पीएफचा नाही, आयकराच्या पोर्टलचा नाही.

कागदाच्या एका बाजूला हा नंबर जिथे जिथे नोंदवलाय ती सगळी ठिकाणं लिहा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: मी नसताना इथे ओटीपी लागेल का? लागणार असेल तर नंबर बंद करण्याआधी तिथे दुसरा नंबर नोंदवा. आधारमधला मोबाइल नंबर बदलायला केंद्रावर जावं लागू शकतं. ते निघायच्या आदल्या दिवशी जमणारं काम नाही.

ही यादी लांबलचक झाली तर सेफ कस्टडी तुमच्यासाठी नाहीच. पुढच्या टप्प्यातला दुसरा रस्ता घ्या.

## टप्पा ३ : तीनपैकी एक रस्ता ठरवा

सेफ कस्टडी. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, २०१३ साली ग्राहक संरक्षण नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पोस्टपेड ग्राहकाला ही सोय मागता येते, आणि त्यासाठी दर तीन महिन्यांना १५० रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. स्टोअरमध्ये "अशी काही स्कीमच नाही" असं उत्तर मिळालं तर शांतपणे हा नियम सांगा आणि तक्रार क्रमांक मागा.

प्रीपेडमध्ये बदलणं. ओटीपी हवेत पण मोठं भाडं नको, अशांना हा रस्ता बरा. २०२१ पासून पोस्टपेडचं प्रीपेड ओटीपीवर करता येतं, नवीन सिम घ्यायची गरज नसते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक ठेवायला सांगितलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. परदेशी जाणाऱ्याने असा लांब मुदतीचा पॅक टाकावा आणि एसएमएस येण्यासाठी रोमिंग चालू आहे ना, हे निघण्याआधी पक्कं करावं.

प्रीपेड म्हणजे मुदत संपली तरी चालतं, असं मात्र समजू नका. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर त्यातून मुदत ३० दिवसांनी वाढते. ते पैसेही संपले की नंबर परत चालू करून घ्यायला १५ दिवस मिळतात, त्यानंतर नाही.

कायमचं बंद. नंबर पुन्हा नकोच असेल तरच. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. बँकेत तोच नंबर राहिला, तर तुमच्या खात्याचे एसएमएस एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतील. टप्पा दोनमधली यादी इथे शंभर टक्के संपवावी लागते.

माझं मत विचाराल तर: सहा महिन्यांपर्यंत जायचं असेल आणि ओटीपीसाठी घरात दुसरा नंबर असेल तर सेफ कस्टडी. बाकी सगळ्यांनी प्रीपेड.

> सावधान: बिल नको म्हणून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार असेल तर आधी निघालेली सगळी बिलं भरा. थकबाकी असेल तर पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल राहून गेलं, तर तिच्या मागणीवरून नव्या कंपनीतसुद्धा तुमचा नंबर बंद पडू शकतो.

## टप्पा ४ : बिल शून्यावर आणा

निघालेलं बिल भरा. न निघालेल्या दिवसांची रक्कम अॅपमध्ये 'अनबिल्ड' म्हणून दिसते. तीही भरून टाकायची आहे असं स्टोअरमध्ये सांगा. थकबाकी असताना दिलेली सेफ कस्टडीची विनंती बहुधा अडकून पडते, आणि अडकल्याचं तुम्हाला कोणी कळवत नाही. तुम्ही विमानात, विनंती तशीच पडलेली आणि भाडं चालू.

पावती ईमेलवर घ्या. एसएमएस नको, कारण हा नंबरच बंद होणार आहे. त्याच वेळी कंपनीकडे नोंदवलेला ईमेल आणि पर्यायी फोन नंबर दोन्ही दुरुस्त करा. यापुढचं सगळं तिथेच येणार.

## टप्पा ५ : विनंती लेखी द्या, क्रमांक घ्या

शक्य असेल तर ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने ओळखपत्र घेऊन स्टोअरमध्ये जावं. १९८ वर फोन करूनही विनंती देता येते, पण तोंडी बोलण्याचा भरवसा धरू नका. फोन संपताच त्याच मजकुराचा ईमेल टाका.

विनंतीत ही चार वाक्यं हवीतच:

१. हा नंबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सेफ कस्टडीत ठेवावा.

२. त्या काळात मासिक भाडं आकारू नये. सेफ कस्टडीचं शुल्क किती आणि कधी आकारलं जाईल ते कळवावं.

३. सर्व जोडसेवा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करावं.

४. मुदत संपल्यावर काय होणार ते लेखी कळवावं: नंबर आपोआप चालू होऊन भाडं सुरू होईल, की मुदतवाढ मागता येईल?

चौथं वाक्य लोक गाळतात. तीन महिन्यांची मुदत संपली, लाइन आपोआप चालू झाली, पूर्ण भाडं सुरू झालं आणि ग्राहक अजून दोन महिने परदेशातच, ही नेहमीची गोष्ट आहे. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच लावा.

तारीख निवडताना बिल सायकल पाहा. सायकलच्या शेवटच्या दिवशी बंद केलंत तर हिशोब सरळ राहतो, अर्ध्या महिन्याच्या भाड्यावर वाद होत नाही.

> तपासा: विनंती क्रमांक मिळाला? तो ईमेलमध्ये आलाय? ठरलेल्या दिवशी दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला फोन लावून पाहा. रिंग वाजली तर लाइन अजून चालू आहे, आणि भाडंही.

## टप्पा ६ : ऑटोपेला हात आत्ता लावा, आधी नाही

माझ्या मावसभावाची चूक ही होती. ऑटोपे रद्द केला की बिल थांबतं असं त्याला वाटलं. ऑटोपे हा फक्त पैसे कापून घेण्याचा परवाना आहे. तो काढला तरी बिल निघतच राहतं, फक्त न भरलेलं राहतं, त्यावर विलंब शुल्क चढतं आणि नंबर 'थकबाकीमुळे बंद' या खात्यात जातो.

म्हणून सेफ कस्टडी लागू झाल्यावर येणारं पहिलं बिल भरेपर्यंत ऑटोपे चालू ठेवा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला सूचना द्यायची असते. ती सूचना ईमेलवर येईल अशी सोय करा. त्यातला आकडा भाड्याएवढा मोठा दिसला तर तिथल्या तिथे तो एक व्यवहार थांबवता येतो. सेफ कस्टडीचं शुल्क पुढे किती असेल हे कळलं की मगच ऑटोपे ठेवायचा की काढायचा ते ठरवा.

## टप्पा ७ : पहिलं बिल पैशापर्यंत तपासा

समजा, तुमचं भाडं ४९९ रुपये आणि कर १८ टक्के. सायकल ७ जून ते ६ जुलै, म्हणजे ३० दिवस. सेफ कस्टडी १८ जूनपासून. तर वापराचे दिवस ७ ते १७ जून, म्हणजे ११.

४९९ × ११ ÷ ३० = १८२ रुपये ९७ पैसे. त्यावर कर ३२ रुपये ९३ पैसे. एकूण २१५ रुपये ९० पैसे. याशिवाय सेफ कस्टडीचं शुल्क: १५० रुपये आणि कर धरला तर तीन महिन्यांना १७७. तेच तीन महिने लाइन नुसती पडून राहिली असती तर करासह १,७६६ रुपये ४६ पैसे गेले असते.

तुमच्या बिलात पूर्ण ४९९ दिसत असतील तर दोन शक्यता आहेत. एक, दिवसांच्या हिशोबाने आकारणी त्या प्लॅनमध्ये नाही. प्लॅनच्या अटी उघडून पाहा. दोन, विनंती लागूच झालेली नाही. दुसऱ्या शक्यतेत एक दिवसही थांबू नका, विनंती क्रमांकासह ईमेल करा. पहिल्या बिलात पकडलेली चूक एका महिन्याची असते, चौथ्या बिलात पकडलेली चार महिन्यांची.

## टप्पा ८ : परत चालू करताना

परत आल्यावर विनंती द्या, लाइन चालू झाल्याची तारीख लिहून ठेवा आणि जुना प्लॅन अजून मिळतोय का ते आधी विचारा. जुना प्लॅन दरम्यान बंद झाला असेल तर तुम्हाला नव्या, महाग प्लॅनवर टाकलं जाऊ शकतं.

सिम खराब झालं असेल किंवा नवीन घ्यावं लागलं, तर लक्षात ठेवा: सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपी नाही. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोडही मिळत नाही. महत्त्वाचा बँक व्यवहार त्या दिवशी ठेवू नका.

## सिम किंवा फोन हरवला असेल तर

नंबर ब्लॉक करायला लावा, पण बिल थांबलं असं समजू नका. त्याच आठवड्यात डुप्लिकेट सिम घ्या, नाहीतर सेफ कस्टडी मागा. 'संचार साथी' पोर्टलवर ब्लॉक होतो तो हँडसेट. त्याचा तुमच्या भाड्याशी काही संबंध नाही. पोर्टलवरच्या अर्जासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि ओटीपी लागतो, त्यामुळे डुप्लिकेट सिम आधी, पोर्टल नंतर.

## बिल थकून नंबर आधीच बंद झाला असेल तर

"आता बंदच झालाय, सोडून देऊ" हा विचार महागात पडतो. ती रक्कम तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी म्हणून दिसू शकते. मग तीन वर्षांनी गृहकर्जाच्या वेळी बँकेतला माणूस त्या आठशे-हजार रुपयांवर बोट ठेवतो.

आधी सगळी बिलं मागवा. कोणत्या तारखेला आउटगोइंग थांबलं, कोणत्या तारखेला इनकमिंग, आणि लाइन कायमची कधी तुटली, हे विचारा. कायमची तुटल्यानंतरच्या दिवसांचं भाडं लावलं असेल तर ते काढायला लावा. कंपनीकडे डिपॉझिट असेल तर ते वळतं करून घ्या. उरलेली रक्कम कंपनीच्या अॅपवर किंवा स्टोअरमध्येच भरा. वसुलीवाल्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. शेवटी 'नो ड्यूज'चं पत्र घ्या आणि जपून ठेवा. तडजोडीने कमी रक्कम भरली असेल तर पत्रात 'खातं पूर्ण बंद, बाकी शून्य' असे शब्द आहेत का ते वाचा.

## चुकीचं बिल आलं आणि कंपनी ऐकत नसेल तर

१. १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. विनंती क्रमांक हा डॉकेट नंबर नव्हे. विनंती वेगळी, तक्रार वेगळी. हा फरक न कळल्यामुळे पुढची पायरी बंद होते.

२. वादातली रक्कम वगळून बाकीची भरा, आणि तसं ईमेलवर लिहा.

३. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही. निकाल ३९ दिवसांत लागायला हवा.

४. तिथेही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

ट्रायला पत्र लिहून वाट पाहत बसू नका. ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्या वाट पाहण्यात अपिलाचे ३० दिवस निघून जातात.

आयोगापर्यंत जायची वेळ आलीच तर सोबत पाच कागद लागतील: बंद करण्याआधीचं शेवटचं बिल, ते भरल्याची पावती, सेफ कस्टडीची विनंती तिच्या क्रमांकासह, त्यानंतरचं प्रत्येक बिल, आणि डॉकेट नंबरचा मेसेज. पहिले तीन निघण्यापूर्वीच एका फोल्डरमध्ये टाकून घरातल्या कोणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा.